चिनी लॅकरचं जुनं फर्निचर: पुसण्याआधी काय पाहायचं, काय करायचं आणि कुठे थांबायचं

जुन्या चिनी लॅकरच्या टेबलाची वाट लागते ती बहुतेक वेळा ते चकचकीत करायच्या नादात. क्रम ठरलेला असतो. आधी ओलं फडकं, मग सागवानी कपाटाला मारतो तो पॉलिशचा स्प्रे, मग पॉलिशवाला, आणि सोनेरी चित्र निम्मं गेल्यावर तज्ज्ञाचा शोध. हा क्रम उलटा करायचा आहे, आणि या लेखाचा विषय तोच आहे.

फर्निचर कोणतं, ते आधी स्पष्ट करतो. अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकात कँटनमध्ये, म्हणजे आजच्या ग्वांगझूमध्ये, युरोपीय गिऱ्हाइकांसाठी बनलेलं काळ्यावर सोनेरी नक्षीचं काम: लिहायची मेजं, रेशमी पिशवी लावलेली शिवणकामाची टेबलं, एकाखाली एक सरकणारी छोटी टेबलं, चहाच्या आणि पत्त्यांच्या पेट्या, घडीचे पडदे. कँटनशी व्यापार केलेल्या मुंबईच्या पारशी घराण्यांमुळे चिनी सामान आपल्याकडेही आलं. परदेशात राहणारे अनेक मराठी लोक ते लिलावात विकत घेतात. खालच्या सूचना दोघांसाठी आहेत.

टप्पा १: हे नक्की कशाचं आहे, ते ठरवा

हा टप्पा गाळला तर पुढचं सगळं चुकतं, कारण काळ्या-सोनेरी दिसणाऱ्या तीन वेगळ्या गोष्टी आहेत आणि प्रत्येकीचा शत्रू वेगळा आहे.

पहिली, आशियाई लॅकर. हा झाडाचा चीक. तो हवेतल्या दमटपणात हळूहळू घट्ट होतो आणि एकदा पक्का झाला की, उजेडाने खराब होईपर्यंत, त्याला स्पिरिट किंवा पाणी सहसा काही करू शकत नाही. दुसरी, युरोपात केलेली त्याची नक्कल, जिला जपॅनिंग म्हणतात. ती चपडी (शेलॅक) आणि इतर राळांच्या वॉर्निशची असते; स्पिरिटचा बोळा लागला की विरघळते. तिसरी, अस्सल चिनी लॅकर, पण त्यावर मागाहून कुणीतरी चपडीचा हात मारलेला. बाजारात ही तिसरी फार भेटते. सावंतवाडीच्या खेळण्यांवरची लाख किड्यापासून मिळते; ती चपडीची बहीण आहे, चिनी लॅकरशी तिचं नातं नाही. म्हणून लाखेच्या कामाचा अनुभव असलेला कारागीर इथे उपयोगी पडेलच असं नाही.

ओळखायचं कसं?

खणाच्या मागची, पायाच्या तळाची किंवा दाराच्या कडेची टवका उडालेली जागा शोधा आणि दहापट भिंगातून पाहा. टवक्याखाली पांढरंशुभ्र खडूसारखं अस्तर दिसलं तर बहुधा युरोपीय काम. करडं, तपकिरी, मातकट अस्तर आणि त्यावर पातळ गडद थर दिसला तर बहुधा आशियाई. नवा टवका काढून पाहू नका, जुना सापडतोच.

मग खोलीत पूर्ण अंधार करून ३६५ नॅनोमीटरचा अतिनील टॉर्च फिरवा. चपडी नारिंगी चमकते. इतर राळांची वॉर्निशं पिवळसर-हिरवट दिसतात. नुसतं आशियाई लॅकर बऱ्यापैकी गडदच राहतं. नारिंगी झाक मध्येच ठिगळासारखी तुटत असेल तर तिथे जुनी दुरुस्ती आहे.

आणखी एक प्रकार लक्षात ठेवा. अठराव्या शतकात पॅरिसचे कारागीर आशियाई पडदे आणि पेट्या कापून, मागचं लाकूड तासून पातळ करून, त्यांचे पत्रे स्वतःच्या फर्निचरवर चिकटवत. बर्नार व्हान रिझनबर्गची अशी कामं प्रसिद्ध आहेत. तिथे एकाच दारावर आशियाई लॅकर आणि शेजारी फ्रेंच वॉर्निश असतं. अशी वस्तू हाती आली तर टप्पा ६ नंतर थांबा.

*तपासा:* तीनपैकी काय आहे ते ठामपणे ठरत नसेल तर तिसरा प्रकार धरून चाला. म्हणजे पाणी नाही, स्पिरिटही नाही.

टप्पा २: तिरप्या उजेडात पाहणी आणि फोटो

समोरून पडलेल्या उजेडात लॅकर खोटं बोलतं. सगळं सपाट दिसतं. खोली अंधारी करा, मोबाइलचा टॉर्च पृष्ठभागाला जवळजवळ समांतर धरा आणि सावल्या पाहा. उचललेला प्रत्येक पोपडा सावली टाकतो. लाकूड आक्रसलं आणि लॅकर तेवढं आक्रसलं नाही की दोन्ही बाजूंनी रेटले गेलेले पोपडे छपरासारखे उभे राहतात. हे उंचवटे लाकडाच्या रेषांना धरून जातात. त्यांना बोटाने दाबून बसवायचा मोह होतो; दाबलं की ते कडेला मोडतात, आणि मोडलेला तुकडा परत तिथे नीट बसत नाही. नखाने टिचकी मारून पोकळ आवाज ऐकायचीही गरज नाही. सावली पुरते.

निर्यातीच्या कामाची एक कमजोरी इथे समजून घ्या, कारण पुढचे बरेच नियम तिच्यावर उभे आहेत. जहाजं सुटायच्या आत माल द्यायचा असे, म्हणून बऱ्याच वस्तूंवर लॅकरचे मोजकेच हात आहेत. खालचं अस्तरही सगळं लॅकरचं नाही. लॉस एंजेलिसच्या गेटी संस्थेच्या प्रयोगशाळेत झालेल्या विश्लेषणांत चिनी लॅकरमध्ये रक्त आणि तुंग तेल सापडलं आहे. म्हणजे वरचा थर पाण्याला दाद देत नसला तरी भेगेतून आत गेलेलं पाणी प्रथिनांनी बांधलेलं अस्तर फुगवतं आणि वरचा थर आतून सुटतो. ज्याला आपण "पुसल्यावर पोपडे निघाले" म्हणतो, ते घडतं ते असं.

उजेडाने झालेलं नुकसान वेगळं पाहा. खण पूर्ण बाहेर ओढा आणि चौकटीच्या सावलीत राहिलेल्या कडेचा काळेपणा समोरच्या भागाशी ताडून पाहा. समोरचा भाग तपकिरी आणि मंद झाला असेल, तर त्यावर डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक भेगांचं जाळं आहे असं समजा. असा पृष्ठभाग आम्लधर्मी झालेला असतो, पाण्याला आणि काही द्रावकांना बळी पडतो, आणि त्यावर उमटलेला बोटाचा ठसा कायमचा राहू शकतो.

फोटो या क्रमाने काढा: चारही बाजू, वरचा भाग, तळ, प्रत्येक खण आतून, मग तिरप्या उजेडातली प्रत्येक सावली. प्रत्येक फोटोत मोजपट्टी ठेवा. ही मेहनत फुकट जात नाही. वर्षभराने पोपडे वाढले की नाही हे सांगणारा दुसरा पुरावा तुमच्याकडे नसतो.

*सावधान:* हातमोजे नायट्राइलचे घाला. सुती मोज्याचा धागा पोपड्यात अडकतो आणि पोपडा घेऊनच येतो.

टप्पा ३: सुटलेले तुकडे जपा

जमिनीवर, खणात, वस्तूच्या खाली पडलेला प्रत्येक काळा कण आधी वेचा. झाडूवाल्या बाईंना त्या दिवशी त्या खोलीत येऊ देऊ नका. तुकडे आम्लविरहित कागदात ठेवून छोट्या डबीत टाका आणि डबीवर कुठल्या फोटोतल्या कुठल्या जागेखाली मिळाले ते लिहा.

लटकत असलेल्या पोपड्याला सेलोटेप लावू नका. ही चूक सर्रास होते. टेप काढताना सोनं आणि लॅकर दोन्ही तिच्यावर येतं, आणि नाही काढली तर तिचा डिंक आत मुरतो. फेव्हिकॉल आणि झटपट चिकटणारा गोंद तर अजिबात नको. तज्ज्ञाला तो काढताना मूळ थर गमवावा लागतो. लटकणारा भाग जाता-येता धक्का लागेल अशा ठिकाणी असेल, तर वस्तूसमोर खुर्ची किंवा दोरी आडवी लावा. दुरुस्ती ती नाही, पण तेवढं पुरेसं आहे.

टप्पा ४: कीड आणि बुरशी

छिद्रांखाली ताजा, फिकट भुसा पडतोय का ते पाहा. जुनी छिद्रं म्हणजे चालू कीड असेलच असं नाही. खाली काळा कागद पसरा आणि काही आठवडे लक्ष ठेवा. भुसा पडला तर वस्तू इतर लाकडापासून वेगळी करा. छिद्रांत रॉकेल किंवा वाळवीचं औषध सिरिंजने भरू नका: ते लाकडातून चढून अस्तरापर्यंत जातं आणि डाग वर उमटतो. लॅकरच्या वस्तूसाठी हवाबंद पिशवीत प्राणवायू काढून कीड मारण्याची पद्धत योग्य आहे, आणि ती तज्ज्ञांकडूनच करून घ्यावी.

पावसाळ्यात मागच्या फळीवर बुरशी आली तर ओल्या फडक्याने पुसू नका, बुरशी पसरते. आधी खोलीतला दमटपणा खाली आणा, बुरशी सुकून भुकटीसारखी होऊ द्या, मग एन-९५ मास्क लावून मऊ ब्रशने थेट व्हॅक्यूमच्या तोंडाकडे झटका.

टप्पा ५: हवा, उजेड आणि जागा

साफसफाईआधी हे का, असा प्रश्न येतो. कारण हवा बिघडलेली असताना साफ केलेल्या वस्तूचे पोपडे पुढच्या ऋतूत पुन्हा निघतात, आणि दोष बोळ्याला दिला जातो.

एक डिजिटल हायग्रोमीटर वस्तूजवळ ठेवा. सापेक्ष आर्द्रता ५० ते ६० टक्क्यांच्या आसपास असावी, पण आकड्यापेक्षा स्थिरता महत्त्वाची. मुंबईत पावसाळ्यात बाहेर ८० ते ९० टक्के असते. खोलीत संध्याकाळी दोन तास एसी लावून बंद केला की लाकूड रोज आक्रसतं आणि रोज फुगतं. त्यापेक्षा एसी नसलेली, वारा खेळणारी, कायम सारख्या हवेची खोली बरी. एसी लावायचाच असेल तर सलग लावा आणि त्याचा झोत वस्तूवर येऊ देऊ नका. युरोपात उलट होतं. हिवाळ्यात हीटिंगमुळे घरातली हवा ३० टक्क्यांपर्यंत कोरडी होते आणि छपरासारखे पोपडे त्याच दिवसांत उभे राहतात. रेडिएटर, शेकोटी आणि जमिनीखालच्या हीटिंगपासून वस्तू दूर ठेवा.

सगळ्यात मोठा धक्का स्थलांतराचा. शंभर वर्षं दमट हवेत राहिलेलं टेबल कोरड्या घरात आलं तर खोका लगेच उघडू नका. खोलीत तसाच बंद ठेवा, आणि मग काही आठवड्यांत थोडा थोडा उघडा.

उजेडासाठी संग्रहालयांचा निकष ५० लक्सचा आहे. घरात तो काटेकोर पाळणं अवघड, पण थेट ऊन वस्तूला कधीही लागता कामा नये. खिडकीच्या काचेला अतिनील गाळणारी फिल्म लावा आणि खोलीत कुणी नसेल तेव्हा पडदे ओढा. लॅकरला उजेडाने झालेलं नुकसान कुठल्याही पॉलिशने परत येत नाही. ज्या दुकानात येतं असं सांगतात, तिथे ते त्यावर चपडी मारतात.

आपल्या घरांतल्या काही सवयी इथे खास घातक ठरतात:

- फरशी पुसताना ओला पोछा पायांना लागतो. फर्निचरच्या पायांवरचं, तळापासून चार बोटं उंचीपर्यंतचं लॅकर गेलेलं दिसलं तर कारण बहुतेक हेच. पायांभोवती वीतभर जागा कोरडी पुसायची, असं घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा.
- वर टाकलेली काच. ती खाली दमटपणा कोंडते आणि उचललेले पोपडे चिरडते. काच काढताना सरकवू नका, दोघांनी सरळ उचला.
- प्लॅस्टिकचं आवरण. खाली बुरशी धरते. झाकायचंच असेल तर धुऊन खळ काढलेलं मलमल वापरा.
- वर्षानुवर्षं एकाच जागी ठेवलेली विणलेली जाळी. तिच्या भोकांतून उजेड जातो आणि तीच नक्षी लॅकरवर उमटते.
- समई, निरांजन, उदबत्ती. तेलाचा थेंब आणि काजळी भेगांत बसली की निघत नाही.

वस्तू बाहेरच्या भिंतीला टेकवू नका. मागे वीतभर मोकळी जागा सोडा.

टप्पा ६: कोरडी धूळ

बऱ्याच घरांत काम इथेच संपतं, आणि संपायला हरकत नाही.

साहित्य: खारीच्या किंवा बकरीच्या केसांचा मऊ, रुंद ब्रश, ब्रशच्या धातूच्या पट्टीवर गुंडाळलेली कापडी चिकटपट्टी, म्हणजे धातू लागून ओरखडा पडणार नाही, कमी जोरावर चालणारा व्हॅक्यूम, त्याच्या तोंडावर ताणून बांधलेली बारीक जाळी.

क्रम: वरून खाली. एका हातात ब्रश, दुसऱ्या हातात व्हॅक्यूमचं तोंड, पृष्ठभागापासून काही इंच दूर. धूळ ब्रशने उचलून तोंडाकडे ढकलायची, तोंड लॅकरला टेकवायचं नाही. ब्रश ओढायचा लाकडाच्या रेषेच्या दिशेने. टप्पा २ मध्ये जिथे सावल्या दिसल्या ती जागा पूर्ण सोडून द्यायची. सोनेरी नक्षीवर ब्रश नुसता टेकवत जायचा, घासायचा नाही. हे सोनं ओलसर लॅकरवर भुरभुरलेली भुकटी किंवा वर्ख असतं, त्यावर संरक्षक थर असेलच असं नाही, आणि वर्षानुवर्षांच्या फडक्याने ते जातं. चेहरे आणि छपरं पुसट झालेली पण कडेची वेलबुट्टी ताजी, अशी टेबलं दिसतात ना? मधला भाग रोज पुसला गेला, कडा राहिल्या.

*तपासा:* ब्रशवर किंवा व्हॅक्यूमच्या जाळीवर काळे किंवा सोनेरी कण दिसले तर तिथेच थांबा आणि जाळीवरचे कण डबीत टाका. जाळी बांधायची ती याचसाठी.

*सावधान:* पिसांचा झटकणा नको. तुटलेल्या पिसाचा दांडा ओरखडे काढतो. मायक्रोफायबरचं फडकं तर पोपडे पकडतंच.

टप्पा ७: ओल्या बोळ्याची परीक्षा

पुढे जाण्याच्या अटी: वस्तू आशियाई लॅकरची असल्याची खात्री आहे, अतिनील उजेडात वरून वॉर्निश दिसलं नाही, त्या जागी सावल्या नाहीत, काळेपणा टिकलेला आहे. यातली एक जरी अट पुरी होत नसेल तर टप्पा ८ कडे जा.

दाराच्या आतल्या बाजूला, नक्षी नसलेली एक सेंटिमीटरची जागा निवडा. बांबूच्या काडीवर कापसाचा छोटा बोळा गुंडाळा, डिस्टिल्ड पाण्यात बुडवा आणि टिपकागदावर इतका कोरडा करा की हाताला जेमतेम गार लागेल. जागेवर तो फिरवा, म्हणजे लोळवा, घासू नका. लगेच कोरडा बोळा लोळवा. पूर्ण सुकू द्या.

आता दोन गोष्टी पाहा. बोळा करडा-काळा झाला तर तो मळ. पिवळट-तपकिरी झाला तर ते लॅकर किंवा वॉर्निश आहे, परीक्षा नापास. पृष्ठभागावर पांढरट धुकं आलं किंवा झिलई मंदावली तरी नापास, मग बोळा कितीही मळका निघालेला असो.

पास झालात तर त्याच पद्धतीने एका वेळी रुपयाच्या नाण्याएवढी जागा घ्या. प्रत्येक जागेला नवा बोळा, प्रत्येक जागा लगेच कोरडी. सोन्यावर पाणी नाही. साबण, व्हिनेगर, लिंबू, जवसाचं तेल, खोबरेल, बेबी ऑइल, सिलिकॉनचं पॉलिश, थिनर, स्पिरिट यांपैकी काहीही नाही. तेलाने पहिल्या दिवशी काळेपणा खुलतो आणि लोक खूश होतात. मग ते भेगांत पिवळं पडतं, धूळ धरतं, आणि पुढे पोपडे चिकटवायचं काम जवळपास अशक्य करून ठेवतं.

टप्पा ८: कड्या, बिजागऱ्या, आतल्या वस्तू

पितळेला ब्रासो लावू नका. त्याचा पांढरा गाळ कडेच्या लॅकरमध्ये बसतो आणि अमोनिया आजूबाजूचा रंग खातो. काळपट पितळ तसंच राहू द्या. चहाच्या पेटीतले प्यूटरचे, म्हणजे कथिलाच्या मिश्रधातूचे, डबे कोरड्या ब्रशने झटका. त्यांत खाण्याचं काही ठेवू नका, या मिश्रधातूत शिसं असू शकतं.

शिवणकामाच्या टेबलात रिळं आणि सुईघरं बहुधा हस्तिदंती असतात. विकत घेताना किंवा विकताना हे विसरू नका. भारतात १९७२ च्या वन्यजीव कायद्यातल्या दुरुस्तीनंतर आयात आफ्रिकन हस्तिदंताचाही व्यापार बंद आहे. ब्रिटनमध्ये २०१८ चा हस्तिदंत कायदा जून २०२२ पासून लागू आहे आणि जुन्या वस्तूंनाही नोंदणीशिवाय सूट मिळत नाही.

टप्पा ९: हलवणं

आधी खण आणि सुटे डबे काढा, दारं मऊ सुती नाडीने बांधा. कपाट आणि त्याचं स्टँड सहसा वेगळे असतात. एकत्र उचलू नका. वरच्या फळीला धरून न उचलता सगळ्यात खालच्या भक्कम आडव्या पट्टीला धरून उचला. सरकवू तर कधीच नका. पंजाच्या आकाराचे कोरीव पाय मोडतात ते ओढताना.

बबल रॅप थेट लॅकरला लावला की त्याची वर्तुळं पृष्ठभागावर उमटतात. आधी आम्लविरहित कागद किंवा धुतलेलं मलमल, मग फोम, मग बाहेरून बबल रॅप, आणि बुडबुडे बाहेरच्या बाजूला.

टेबल भारतातून परदेशी मुलाकडे पाठवायचं असेल तर पॅकिंगवाल्याच्या आधी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे चौकशी करा. १९७२ च्या पुरावस्तू कायद्याने शंभर वर्षांहून जुन्या वस्तू देशाबाहेर नेण्यावर निर्बंध आहेत.

टप्पा १०: तज्ज्ञाकडे जाताना

पोपडे उभे असतील, बोळ्याची परीक्षा नापास झाली असेल किंवा जुनं वॉर्निश काढायचं असेल तर हे काम तज्ज्ञाचं. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचं स्वतःचं कला-संवर्धन केंद्र आहे. विचारणा तिथून सुरू करा. सोबत टप्पा २ चे फोटो, डब्यांतले तुकडे आणि काही आठवड्यांच्या आर्द्रतेच्या नोंदी न्या.

विचारायचे प्रश्न: पोपडे बसवायला कोणता चिकट पदार्थ वापरणार, आणि तो पुढे काढता येईल का? सोन्याच्या भागाची वेगळी चाचणी करणार का? गेलेली नक्षी रंगवणार असाल तर मूळ कामावर रंग चढणार नाही ना? कामाआधीचे आणि नंतरचे फोटो व लेखी नोंद मिळेल का? "घासून नवं करून देतो" असं उत्तर आलं तर वस्तू परत आणा.

इंटरनेटवरून कच्चं लॅकर मागवून स्वतः भरायचा प्रयत्न करू नका. तो चीक आंबा, काजू आणि बिब्ब्याच्या कुळातल्या झाडाचा आहे. बिब्बा उतल्यावर अंगाचं काय होतं हे ज्यांनी पाहिलंय त्यांना वेगळं सांगायला नको: ओला चीक त्वचेवर तसेच फोड आणतो. पक्क्या झालेल्या जुन्या लॅकरची मात्र ती भीती सहसा नसते.

काम करून परत आलेली वस्तू पहिल्या पावसाळ्यात आणि पहिल्या हिवाळ्यात पुन्हा तिरप्या उजेडात पाहा आणि जुन्या फोटोंशी ताडा. नव्या सावल्या दिसल्या तर आधी हायग्रोमीटरच्या नोंदी तपासा, मग तज्ज्ञाला फोन करा.